कोनाडा नसलेलं घर

आमच्या जुन्या घराच्या भिंती चांगल्या दीड हात रुंद होत्या. त्यामुळं घरात कपाट असं नव्हतंच. जे काही ठेवायचं ते भिंतीत. चिमणीचा कोनाडा वेगळा, देवाचा वेगळा, आणि सोप्यातला सगळ्यांत मोठा कोनाडा रेडिओचा. फिलिप्सचा तीन बँडचा रेडिओ होता. मायनं त्याला पांढऱ्या कापडाची, कडेनं लाल टाका घातलेली झूल शिवली होती. परभणी केंद्र लावायचं की सोलापूर, हे दादा ठरवायचे. पण काटा फिरवायचा मान धाकटीचा. कोनाडा तिच्या हाताला येत नसे. ती पाट ओढत आणायची, पाटावर चढायची आणि काटा फिरवून मागं दादांकडं बघायची. दादा मान हलवायचे, मग ती उतरायची.

लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या, तेरणेच्या काठच्या आमच्या गावांत तेव्हा बहुतेक घरं माळवदाची. दगडाच्या भिंती, त्यांत चुना नाही की सिमेंट नाही, नुसता मातीचा गारा. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर हात-दीड हात पांढरी माती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. माळवद गळायला लागलं की पावसाळ्याच्या तोंडाला वर आणखी मातीचा थर टाकायचा. आज्यानं टाकला, बापानं टाकला, आपणही टाकायचा. डोक्यावरचं हे ओझं दरसाल वाढायलंय, असं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट जितकं माळवद जाड तितकं घर चांगलं, अशीच समजूत होती.

टीव्ही गावात एकच, पाटलांच्या वाड्यात. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि रविवारी सकाळी अख्खं गाव वाड्याकडं लोटायला लागलं. उंबऱ्याच्या आत कोण, ओसरीवर कोण, अंगणात कोण आणि दाराबाहेर उभं कोण, हे कुणी कुणाला सांगायचं नाही. ते पिढ्यान् पिढ्या ठरलेलंच होतं. आम्ही अंगणातले. तिथून पडद्यावरचा राम अंगठ्याएवढा दिसायचा. एकदा घरी परतताना माय म्हणाली, "आपल्या घरी आणला तर मी समद्यांस्नी आत बसवीन." दादा हसले. म्हणाले, "आधी तुरीला भाव येऊ दे."

१९९२ च्या पावसाळ्यानंतर जमीन गुरगुरायला लागली. रात्री-अपरात्री पोटातून आवाज यावा तसा आवाज, आणि फडताळातली भांडी वाजायची. लोक चार दिवस बाहेर झोपले, साहेब लोक येऊन बघून गेले. पुढं धक्के कमी झाले आणि थंडीनं माणसं पुन्हा आत गेली. माणूस तरी किती दिवस भिऊन राहणार?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाहून मी आणि दादा उशिरा आलो आणि अंगणातच बाजा टाकून पडलो. धाकटी जागी होती. तिला आमच्याजवळ बाहेर झोपायचं होतं. दादा म्हणाले, "दव पडतंय, सर्दी व्हईल. आत जा, आजीपाशी नीज." ती थोडी रुसली आणि गेली.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते सगळ्या जगानं वाचलेलं आहे. मी एवढंच सांगतो, की बाजेवरून खाली पडलो तेव्हा धुरळ्यानं समोरचं काही दिसत नव्हतं, आणि धुरळा खाली बसला तेव्हा समोर घर नव्हतं. माय खांबाच्या आडोशाला सापडली, पाय मोडलेला. आजी आणि धाकटी आतल्या खोलीत होत्या. दुपारपर्यंत आम्ही हातांनी दगड उपसत होतो. सरणाला लाकूड मिळेना, तेव्हा पडलेल्या घरांच्याच तुळया आणि दारं वापरली. त्यात पावसानं धरलं. ज्या लाकडांनी घर उभं होतं, त्याच लाकडांवर घरातली माणसं गेली. आठव्या दिवशी दादांनी उसनी बैलजोडी आणून ज्वारी पेरायला तिफण धरली. लोक नावं ठेवत होते असं नाही. पेरणारे तेच एकटे नव्हते. वापसा माणसांसाठी थांबत नाही.

ढिगारा उपसताना मिलिटरीच्या जवानांना आमचा रेडिओ सापडला. वरचं कव्हर तडकलं होतं, झूल मातीनं माखली होती. एका जवानानं तो शर्टाला पुसून दादांच्या हातात दिला. सेल घातल्यावर तो वाजला. मायनं लगेच बंद करायला लावला. पुढं सहा महिने तो पत्र्याच्या शेडमध्ये एका पिशवीत पडून होता.

त्या शेडमध्ये आम्ही तीन उन्हाळे काढले. पत्रा तापला की आत भाकरी शेकावी तसं वाटायचं आणि पावसात तर शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. पण पत्र्याची एक गोष्ट दादांना आवडायची. ते म्हणायचे, "पडला तरी मरत न्हाई माणूस."

तोवर माळावर नवं गाव उठत होतं. बावन्न गावं पूर्ण उचलून नव्या जागी न्यायचं सरकारनं ठरवलं होतं, जागतिक बँकेच्या कर्जातून. घरं तीन मापांची होती. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला साडेचारशे आणि त्यावर साडेसातशे. आमची जमीन सात एकर, म्हणून आम्ही साडेचारशेत बसलो. घरं मापाप्रमाणं ओळीनं बांधली होती. त्यामुळं जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून असलेला शेजार पार विस्कटला. डावीकडची काकू गावाच्या त्या टोकाला गेली, उजवीकडचे मामा शाळेच्या मागं. रस्ते शहरातल्यासारखे सरळ आणि रुंद. पाहुणे म्हणायचे, "लई झाक गाव झालं." पण पूर्वी काकूकडं फोडणी पडली की आम्हाला ठसका लागायचा, इथं कुणाच्या घरातलं काही कळेना. रात्री एवढी शांतता असायची, की मायला झोप यायची नाही.

१९९७ साली किल्ली मिळाली. सिमेंटचं, वर स्लॅब असलेलं हे आमच्या घराण्यातलं पहिलं घर. माय आत गेली आणि सगळ्यात आधी भिंतींवरून हात फिरवत चालली. मला वाटलं रंग बघतीय. शेवटी म्हणाली, "कोनाडा कुठंच न्हाई की रं." खरंच, एवढ्या पातळ भिंतीत कोनाडा कुठून येणार? देव कुठं ठेवायचे, चिमणी कुठं, आणि रेडिओ कुठं? मी म्हणालो, फळी मारू. दादा एकदम ओरडले, "डोक्याच्या वर काई ठिवायचं न्हाई!" मग देव पाटावर आले, डबे जमिनीवर ओळीनं लागले, आणि रेडिओ लोखंडी पेटीवर बसला. मायनं नवी झूल शिवली. ती त्यावर घालताना हळूच म्हणाली, "तिला आता पाट लागला नसता."

दादा मात्र घरात झोपायला तयार नव्हते. जेवण आत, झोप बाहेर. अंगणात बाज, आणि पाऊस आला की शेडमधले पत्रे आणून घराशेजारी जे खोपट उभं केलं होतं त्यात. ते एकटे असे नव्हते. आमच्या ओळीत निम्म्या घरांपुढं असंच पत्र्याचं खोपट होतं. बाहेरगावचे लोक हसायचे, सरकारनं एवढी पक्की घरं दिली आणि हे त्यात ज्वारीची पोती ठेवून आपण बाहेर झोपतात. त्यांना काय सांगणार? दादांना कुणी विचारलं तर म्हणायचे, "आत उकडतंय." भर थंडीतही हेच उत्तर.

तुरीला भाव आला तो एकदाचा ९८ च्या सुमारास. पट्टी घेऊन मी आणि दादा आडतीतून निघालो ते सरळ लातुरात एका दुकानात शिरलो आणि चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्ही घेतला. एसटीत दादांनी तो मांडीवर धरून आणला. अँटेना कुठं लावायचा यावर घरी वाद झाला. सगळं गाव स्लॅबवर लावतं, पण दादा म्हणाले, "घरावर वजन नगं." अॅल्युमिनियमच्या त्या चार काड्यांचं वजन ते किती! पण मी वाद घातला नाही. अंगणात खड्डा खणला, दगड ठेचून ठेचून भरले आणि वीस फुटी लोखंडी पाइप उभा केला. तोंड लातूरच्या अंगाला. फायदा असा झाला, की मुंग्या आल्या तर वर चढायला नको. खालूनच पाइप धरून फिरवायचा.

"आलं का?"

"न्हाई, मुंग्याच हायत!"

"आता?"

"आवाज आला! थांबा, हालवू नगा!"

माय आत, दादा बाहेर पाइपाला धरून. त्या संध्याकाळी ओळीतली दहा-बारा माणसं अंगणात जमली. मायनं प्रत्येकाला आत बोलावलं. दाराबाहेर कुणाला उभं राहू दिलं नाही. वेशीबाहेरच्या वस्तीतली पोरंही, जी जुन्या गावात पाटलांच्या दाराबाहेरून टाचा उंच करून बघायची, ती आमच्या घरात सतरंजीवर पुढं बसली. एक-दोघं जण कारण काढून उठून गेले. माय मला म्हणाली, "जाऊ दे. जागा झाली."

टीव्ही पेटीवरच होता, जमिनीपासून हातभर. दादा बघायचे ते अंगणातल्या बाजेवरून, दारातून. काही महिन्यांनी उंबऱ्यावर बसायला लागले, एक पाय आत, एक बाहेर. 'आमची माती आमची माणसं' ते उंबऱ्यावरूनच बघत आणि त्यातल्या साहेबांशी तिथूनच भांडत. "आमच्या रानात ये म्हणावं, मग सांग." पण उंबऱ्याच्या आत, स्लॅबखाली, ताट सोडलं तर टेकत नव्हते.

१९९९ चा विश्वचषक इंग्लंडात होता, म्हणजे सामने आपल्या दुपारी सुरू होऊन रात्री संपायचे. २३ मे, रविवार. भारत आणि केनिया. सचिनचे वडील प्राध्यापक रमेश तेंडुलकर चारच दिवसांपूर्वी वारले होते. त्यासाठी तो मुंबईला आला आणि सगळं उरकून लगेच परत गेला होता. हे मी दादांना सांगितलं. ते उंबऱ्यावर होते. म्हणाले, "तेरावा झाल्याबिगर?" मी म्हणालो, हो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठले आणि आत येऊन सतरंजीवर बसले. म्हणाले, "तितनं नीट दिसंना."

सचिननं त्या दिवशी नाबाद १४० केल्या, द्रविडनं नाबाद १०४. शंभर झाल्यावर सचिननं बॅट उंचावली आणि मान वर करून आभाळाकडं बघितलं. आमच्या चौदा इंची पडद्यावर ते सगळं करड्या रंगात. खोलीतली पोरं नाचत होती. दादा हळूच म्हणाले, "बापाला दावायलाय." आणि मग आणखी हळू, जणू स्वतःशीच, "बाप गेल्यावर लेकरू आभाळाकडं बघतंय. लेकरू गेल्यावर बापानं कुठं बघायचं?"

कुणी ऐकलं नसावं. माय स्वयंपाकघराच्या दारात होती, तिनं ऐकलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि भाकरी थापायला आत गेली.

केनियाची फलंदाजी सुरू झाली, जेवणं झाली, पोरं एकेक करून घरी गेली. मी बघितलं तर दादांची पाठ भिंतीला टेकली होती. ज्या माणसानं सहा वर्षं भिंतीपासून हातभर अंतर ठेवलं, त्याची पाठ भिंतीला. थोड्या वेळानं ते कलले. मी टीव्ही बंद करायला उठलो, तशी माय कुजबुजली, "ऱ्हाऊ दे. आवाज बंद झाला की जाग यील."

भारत ९४ धावांनी जिंकला. सामना संपला, बातम्या झाल्या. मी आवाज बारीक केला, पण चालू ठेवला. माय दाराशी बसून होती, दार सताड उघडं. तिनं रात्रभर स्लॅबकडं बघितलं असेल की दादांकडं, मला माहीत नाही.

सकाळी दादा उठले आणि रागावले. "मला उठवलं का न्हाई?" दुसऱ्या रात्री बाज पुन्हा अंगणात. पण मृगाचा पहिला पाऊस पडला त्या रात्री ते खोपटात गेले नाहीत. बाज स्वतः उचलून आत आणली, दारापाशी टाकली, पाय दाराकडं करून. म्हणाले, "पत्र्याखाली आवाज लई व्हतो."

पुनर्वसनाच्या कागदांत आमच्या घराची नोंद आहे: क्षेत्रफळ साडेचारशे चौरस फूट, ताबा १९९७. किती गावं हलवली, किती घरं बांधली, किती कर्ज आलं, सगळं लिहिलेलं आहे. ते लिहायलाच हवं. पण आमच्या ओळीतली माणसं कोण कधी आत झोपायला लागली, हे त्यात नाही. कुणी नातू झाल्यावर आत गेलं, कुणी म्हातारपणानं, कुणी शेवटपर्यंत गेलंच नाही. आमच्या घराचा ताबा आम्ही १९९९ च्या मृगात घेतला.

आता दादा नाहीत. भिंतीवर रंगीत टीव्ही आहे. तो वर लावताना माझा हात क्षणभर थांबला होता. अँटेना कधीच गेला, पण अंगणातला पाइप काढलेला नाही. माय त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधते. आणि जुना रेडिओ अजून त्या लोखंडी पेटीवर आहे. माझी नात रांगत जाते आणि त्याचा काटा फिरवते. तो वाजत नाही. पण फिरवून झालं की ती मागं वळून बघते, आणि मग मी मान हलवतो.