अंगावर काढलेली दुखणी

दुखणे अंगावर काढणे, हा वाक्प्रचार जुन्या मराठी घरांत विशेषेकरून गृहिणीच्या संबंधाने वापरला जात असे. यजमानास ताप आला तर वैद्य बोलावला जाई, मुलास आला तर घरादाराची झोप उडे. गृहिणीस आला तर ती कपाळास सुंठेचा लेप लावून पुन्हा चुलीपुढे बसे. हा प्रकार केवळ आपल्याकडचाच होता असे मात्र नाही. ज्या ब्रिटनच्या संपत्तीचा एके काळी जगभर डंका वाजत होता, त्या देशातील मजुरांच्या घरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच रीत होती. तेथे ती एका कायद्याने कशी पक्की झाली व दुसऱ्या कायद्याने कशी मोडली, हा इतिहास मनन करण्याजोगा आहे.

पहिला कायदा १९११ सालचा. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याची योजना मांडली. पुरुष मजुराने दर आठवड्यास चार पेन्स भरावे, मालकाने तीन व सरकारने दोन, अशी वर्गणी ठरली. १९१३ पासून त्या बदल्यात मजुरास डॉक्टरची तपासणी व औषध मिळू लागले, आणि आजाराने रोजगार बुडाल्यास आठवड्यास १० शिलिंग हाती येऊ लागले. तोपर्यंत कमावता पुरुष अंथरुणास खिळला की त्याचे कुटुंब अनाथगृहाच्या दारात जाऊन पडे. त्या मानाने हा कायदा म्हणजे मोठेच पाऊल होते, यात संशय नाही.

परंतु कायद्याची दृष्टी मजुरीवर होती, घरावर नव्हती. जो कमावतो तो बरा झाला पाहिजे, म्हणजे गिरणी चालेल व चूल पेटेल, असा हा हिशेब होता. मजुराच्या पत्नीस प्रसूतीच्या वेळी ३० शिलिंग मिळत. त्यापलीकडे तिला व तिच्या मुलांना या विम्यात स्थान नव्हते. इस्पितळातील उपचारही सामान्यतः त्यात येत नसत. परिणामी एकाच छपराखाली दोन प्रकारची माणसे नांदू लागली: ज्याचा डॉक्टर फुकट तो, आणि ज्यांच्या डॉक्टरला रोख पैसे मोजावे लागत ती. मुलाच्या दुखण्यासाठी आई पोटास चिमटा घेऊन पैसे काढी. स्वतःच्या दुखण्यासाठी मात्र ते कधीच उरत नसत.

या मौनाची एक मोठी नोंद १९३९ साली झाली. मार्जरी स्प्रिंग राइस यांनी मजूर वर्गातील १,२५० विवाहित स्त्रियांची माहिती एकत्र करून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पांडुरोग, डोकेदुखी, सांधेदुखी, किडलेले दात, पायांच्या फुगलेल्या शिरा, बाळंतपणातून जडलेले विकार, अशी दुखण्यांची मालिकाच त्यात आढळते. यांपैकी कित्येक दुखण्यांवर कसलाच इलाज झालेला नव्हता. कारण विचारले तर पैसा नाही आणि सवडही नाही, हेच उत्तर येई. काही भागांत तर मुलीचे लग्न ठरले की तिचे सगळे दात काढून कवळी बसविण्याची चाल होती. पुढे दंतवैद्याचा खर्च नवऱ्यावर पडू नये, एवढाच त्यातील हेतू!

याहून निराळी वाट वेल्समधील ट्रेडेगार या खाणींच्या गावाने आधीच काढून ठेवली होती. तेथील कामगार आपल्या वेतनातून पौंडामागे तीन पेन्स एका वैद्यकीय सहायक मंडळास देत, आणि त्यातून कामगारासच नव्हे तर त्याच्या बायकामुलांसही औषधोपचार मिळे. याच गावी १८९७ साली अन्यूरिन बेव्हन यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी ते खाणीत उतरले. खाणीच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन त्यांचे वडील १९२५ साली वारले. पुढे १९४५ साली हेच बेव्हन आरोग्यमंत्री झाले, तेव्हा गावची ही रीत सबंध देशास लागू करण्याचा त्यांनी निश्चय केला.

भूमी तयारच होती. महायुद्धाच्या धामधुमीत, डिसेंबर १९४२ मध्ये, विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल निघाला व तो विकत घेण्यास लोकांच्या रांगा लागल्या. १९४६ साली कायदा झाला. डॉक्टरांच्या संघटनेने कडवा विरोध केला. फेब्रुवारी १९४८ च्या मतदानात दहांपैकी सुमारे नऊ डॉक्टर विरुद्ध गेले. बेव्हन यांनी काही बाबतींत माघार घेतली, मोठ्या तज्ज्ञांना खासगी रोगी तपासण्याची मुभा दिली. पण सेवा सर्वांसाठी व उपचाराच्या वेळी विनामूल्य, हे मूळ तत्त्व त्यांनी सोडले नाही. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली.

मग डॉक्टरांच्या दारी कोण आले? अंगावर दुखणी काढणाऱ्या त्याच स्त्रिया आल्या. बाळंतपणानंतर अंग बाहेर आलेले असताना वर्षानुवर्षे तसेच काम करीत राहिलेल्या बाया प्रथमच तपासणीस आल्या. दुकानात मांडलेल्या स्वस्त चष्म्यांपैकी एखादा डोळ्यांस लावून पाहून घेणारे म्हातारे नेत्रतपासणीस आले. पहिल्या एका वर्षातच सुमारे ५० लाख चष्मे वाटले गेले! खर्चाचा अंदाज पार कोसळला. टीकाकार म्हणाले, फुकट मिळते म्हणून लोक लुटताहेत. वस्तुतः ती लूट नसून कित्येक वर्षांची थकबाकी होती.

पुढचा मार्ग निष्कंटक नव्हता. १९५१ साली चष्मे व कवळ्या यांवर आकार बसला, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ पासून औषधाच्या चिठ्ठीस एक शिलिंग पडू लागला. २०२३ साली तर इंग्लंडमध्ये उपचारासाठी खोळंबलेल्या प्रकरणांची संख्या सत्तर लाखांवर गेली. हक्क कागदावर असला तरी तो वेळेवर हाती पडला पाहिजे, हाही या इतिहासाचाच धडा होय.

ब्रिटनमध्ये हे घडत असताना हिंदुस्थानातही हाच विचार चालू होता. नाशिकला जन्मलेले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, असे तत्त्व मांडले होते. १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला, आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे ती योजना सुरू झाली. पण तीतही औषधोपचार आरंभी कामगारापुरताच होता. कुटुंबाचा नंबर मागाहून लागला. चार दशकांपूर्वीच्या ब्रिटनचाच कित्ता येथे गिरविला गेला.

यास्तव कोणत्याही आरोग्ययोजनेची परीक्षा करताना तिच्यावर किती खर्च झाला, एवढेच पाहून भागत नाही. घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या माणसापर्यंत ती पोहोचली काय, हे पाहावे लागते. १९११ च्या कायद्याने त्या माणसाला विचारले नव्हते. १९४६ च्या कायद्याने विचारले, आणि उत्तर ऐकून सारा देश थक्क झाला.