कुलपातली उत्तरं

पुण्यातल्या एका ग्रंथालयात मी 31 वर्षं नोकरी केली. आमच्याकडे 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे काही जुने बांधीव अंक होते. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र असायचं, म्हणून ते कुलपात. किल्ली माझ्याकडे. डांबरगोळ्या बदलण्यापुरतं कपाट उघडायचं, धूळ पुसायची, पुन्हा बंद. आत काय छापलंय ते मी कधी वाचलं नव्हतं.

2004 साली एका रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, मला मुली आवडत नाहीत. मुलगे आवडतात." मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, सहा महिन्यांत सुटेल म्हणाले. त्या गोळ्यांनी त्याचा हात इतका थरथरायचा, की आमटीची वाटी तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मी ताटात सांडायची. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1973 सालीच काढली होती, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग एका दुपारी मी ते कपाट वाचण्यासाठी उघडलं.

र. धों. कर्व्यांनी हे मासिक 1927 साली मुंबईत काढलं. लोक पत्रातून आपल्या शरीराविषयीच्या शंका विचारत आणि कर्वे त्यांना अंकातून उत्तरं देत. ना टिंगल, ना उपदेश. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दलच्या अशाच उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लैंगिक शिक्षणासाठीच हे मासिक आहे, वाचकाने प्रश्न विचारला तर त्याला उत्तर का द्यायचं नाही? खटला हरले, 200 रुपये दंड झाला. पण 'समुपदेशन' हा शब्द आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधी मराठीत ते काम सुरू झालं होतं, असं मी ठामपणे म्हणते. कर्वे 1953 साली गेले, त्यांच्याबरोबर मासिकही.

पुढची जवळजवळ चार दशकं असं पत्र लिहायचं तरी कुणाला? 1990 साली अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' हे समलैंगिकांसाठीचं नियतकालिक काढलं, 1994 साली त्यांच्यासाठीच काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला. सांताक्रूझला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत ट्रस्टला जागा मिळाली. चार माणसांना उघडपणे बसून बोलता येईल अशी. समलिंगी बायकांसाठी 1995 साली 'स्त्री संगम' हा गट सुरू झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीतून लिहीत राहिले. समलैंगिकतेवरचं त्यांचं 'इंद्रधनू' हे पुस्तक आलं, तेव्हा त्याला दाखल क्रमांक मीच घातला आणि ते उघड्या फळीवर ठेवलं. कुलपात नाही.

आईबाप या वाटेवर सगळ्यांत शेवटी आले. मुंबईत 'स्वीकार' हा अशा मुलांच्या पालकांचा गट 2017 साली सुरू झाला. पालक एकत्र बसतात तेव्हा भाषण कुणी करत नाही. नवी आई येते, पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारते, "माझंच काही चुकलं का हो?" उत्तर द्यायला तज्ज्ञ लागत नाही. हाच प्रश्न ज्या बाईने वर्षभर उशीत तोंड खुपसून स्वतःला विचारलाय, ती शेजारी सरकून बसते. 2023 साली याच गटातल्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, आमच्या मुलांना लग्नाचा हक्क द्या म्हणून. घरात 'लोक काय म्हणतील' म्हणणारी हीच माणसं.

माझ्या मुलाच्या गोळ्यांची चिठ्ठी मी लाजेने फाडून टाकली. तुम्ही फाडू नका. असा 'इलाज' करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे. चिठ्ठी जपून ठेवा आणि परिषदेकडे तक्रार करा.