चाकांना जागा कोण देतो? स्केटबोर्ड स्लॅलमचा इतिहास आणि जालना एमआयडीसी

बर्फात रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी वळत उतरण्याच्या शर्यतीला स्लॅलम म्हणतात. शब्द मूळचा नॉर्वेचा. त्यातल्या पहिल्या भागाचा अर्थ उतार आणि दुसऱ्याचा वाट. पुढे हीच शर्यत चार चाकांच्या फळीवर आली. बर्फाच्या जागी डांबर आले, काठ्यांच्या जागी प्लॅस्टिकचे छोटे शंकू आले. शंकूंमधून सापासारखे वळत कमीत कमी वेळात पलीकडे पोहोचायचे. शंकू पाडला तर वेळेत दंड जमा होतो.

जालन्यात हा खेळ मोबाइलमधून आला. आमच्याकडची काही मुले सुटीच्या दिवशी एमआयडीसीकडे जातात, पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत माती भरून त्यांची रांग लावतात आणि एकाच स्केटबोर्डवर पाळीपाळीने उतरतात. त्यांची तक्रार एकच असते: "सर, खेलने को जगा नहीं मिलती." ही तक्रार जालन्यापुरती नाही. या खेळाचा साठ वर्षांचा इतिहास वाचला तर तो बराचसा जागा शोधण्याचाच इतिहास आहे. म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

आधी जागा कशी लागते ते पाहू. जमीन गुळगुळीत हवी. एवढासा खडा चाकापुढे आला तरी फळी जागीच अडकते आणि मूल पुढे फेकले जाते. जमीन कोरडी हवी, कारण ओल्या जमिनीवर चाक धरत नाही आणि पाणी बेअरिंगमध्ये शिरले की गंज चढतो. शेवटच्या शंकूनंतर थांबायला मोकळी जागा हवी. वाहने तर अजिबात नकोत. उतार असला तर बरे, पण तो हवाच असे नाही. सराव झालेला खेळाडू गुडघे आणि कंबर लयीत वळवून, फळीवर भार कमी-जास्त करून सपाट जमिनीवरही वेग मिळवतो. त्यामुळेच थंड देशांतले खेळाडू हिवाळ्यात छपराखालच्या वाहनतळात सराव करू शकतात. जालन्यासारख्या पठारावरच्या गावासाठी ही मोठी सोयीची गोष्ट आहे.

स्केटबोर्डचा जन्म जुगाडातून झाला. अमेरिकेतल्या मुलांनी रोलर स्केटची चाके काढून लाकडी फळीला ठोकली. माझ्या पिढीतल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. गॅरेजमधून टाकाऊ बेअरिंग मागून आणायचे, तीन बेअरिंगवर फळी बसवायची आणि खडखडाट करत गल्ली डोक्यावर घ्यायची, हा उद्योग आपल्याकडे कितीतरी मुलांनी केला आहे. तिकडे त्याच फळीचा पुढे खेळ झाला. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम इथे मोठी स्पर्धा भरली, ती टीव्हीवर दाखवली गेली, आणि तिच्यात स्लॅलमही होता.

पण त्या वेळची चाके मातीच्या मिश्रणाची होती. ती रस्ता नीट धरत नसत. मुले पडू लागली, हातपाय मोडू लागले आणि अनेक शहरांनी रस्त्यावर स्केटबोर्ड चालवायला बंदी घातली. काही वर्षे खेळ जवळजवळ संपला. त्याला पुन्हा उभे केले ते एका कारखान्याने. व्हर्जिनिया राज्यातल्या प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात पॉलियुरेथेनची चाके तयार होत होती. ती रोलर स्केटसाठी होती. फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने ती स्केटबोर्डला लावून पाहिली. चाक मऊ असल्यामुळे रस्ता धरू लागले आणि बारीक खडे पोटात घेऊ लागले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ही चाके कॅलिफोर्नियात विकायला काढली आणि वेगात वळणे शक्य झाले. स्लॅलमचे खरे दिवस इथून सुरू होतात.

चाके आली, आता जागा हवी होती. ती सापडली ला कोस्टा इथे. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या उत्तरेला टेकड्यांवर नवी वसाहत व्हायची होती. बिल्डरने आधी रस्ते केले. रुंद, नवेकोरे, उताराचे रस्ते, आणि दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट. घरे नाहीत, म्हणून गाड्याही नाहीत. 1970 च्या दशकाच्या मध्यात स्लॅलम खेळणारे सुटीला तिथे जमू लागले, रस्त्यावर शंकू मांडू लागले. त्या काळच्या स्केटबोर्डच्या मासिकांत ला कोस्टाची छायाचित्रे झळकली. पुढे घरे उभी राहिली आणि तो अड्डा उठला.

एमआयडीसी पाहिलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटेल. आपल्याकडेही औद्योगिक वसाहतीच्या नव्या टप्प्यात आधी रस्ते होतात, विजेचे खांब उभे राहतात आणि कारखाने पुढे सावकाश येतात. मधल्या काळात ते रस्ते शेळ्यांचे, सकाळी फिरायला येणाऱ्यांचे आणि गाडी शिकणाऱ्यांचे असतात. पण अशी जागा उधारीची असते. मालक आला की निघावे लागते.

छप्पर असलेल्या जागेचे सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनचे आहे. थेम्स नदीच्या दक्षिण काठावर क्वीन एलिझाबेथ हॉल हे संगीताचे सभागृह 1967 मध्ये उघडले. इमारत खांबांवर उचललेली असल्याने खाली काँक्रीटची मोकळी जागा राहिली. तिथे तिरके उतार होते, गुळगुळीत फरशी होती आणि वर छत होते. वास्तुकारांनी ती कोणत्याही खेळासाठी केलेली नव्हती. 1973 च्या सुमारास मुलांनी ती शोधली. लंडनच्या पावसात वर्षभर कोरडी राहणारी जागा म्हणजे त्यांच्यासाठी खजिनाच होता. चाळीस वर्षांनी, 2013 मध्ये, तिथे दुकाने काढण्याची योजना आली. मुलांनी आणि आता वयस्कर झालेल्या जुन्या खेळाडूंनी मोहीम उघडली, सह्या गोळा केल्या, हरकती नोंदवल्या. 2014 मध्ये समझोता झाला आणि जागा टिकली. 2019 मध्ये तर बंद करून टाकलेला एक भागही दुरुस्त होऊन पुन्हा खुला झाला. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात 1990 मध्ये बर्नसाइड पुलाखाली खेळाडूंनी कोणाला न विचारताच स्वतः सिमेंट कालवून मैदान बांधायला घेतले. नंतर शहराने त्याला मान्यता दिली.

माझ्या वाचकांना सर्वांत जवळची वाटेल ती हकिगत काबूलची आहे. 2007 मध्ये ऑलिव्हर पर्कोविच हा ऑस्ट्रेलियन माणूस काही स्केटबोर्ड घेऊन तिथे गेला. मक्रोयान वसाहतीत सोव्हिएत काळातले एक कोरडे पडलेले कारंजे होते. त्याच्या काँक्रीटच्या वाडग्यात मुले जमू लागली, आणि मुलीही. अफगाण मुलींनी सायकल चालवणे लोकांना खपत नसे. स्केटबोर्ड मात्र कोणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तो मुलींना मना आहे असे म्हणायचे कोणाला सुचले नव्हते. पण मुली थोड्या मोठ्या झाल्या की उघड्यावर खेळणे अवघड होई. त्यांना भिंत आणि छप्पर हवे होते. 2009 मध्ये 'स्केटिस्तान' या संस्थेने बंदिस्त सभागृह उभे केले आणि खेळासोबत शिक्षणाचे वर्ग जोडले. मुलींसाठी वेगळे दिवस ठेवले. या मुलींवरच्या लघु माहितीपटाला फेब्रुवारी 2020 मध्ये ऑस्कर मिळाला. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि काम थांबवावे लागले. इमारत होती, फळ्या होत्या, मुली होत्या. परवानगी गेली.

आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांना हा सगळा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मी मदिन्याकडे बोट दाखवतो. बुखारी शरीफमध्ये हजरत अब्दुल्ला इब्ने उमर (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या. तयार केलेले घोडे हफ्यापासून सनियतुल विदापर्यंत धावत. तयारी नसलेल्या घोड्यांसाठी सनियतुल विदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचा मार्ग होता. पहिले अंतर पाच-सहा मैल, दुसरे मैलभर. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. शर्यतीसाठी जागा ठरवून दिली होती, तिची सुरुवात आणि शेवट सर्वांना माहीत होता. आणि नवख्यांसाठी वेगळी, छोटी वाट होती, त्यांना बाद केलेले नव्हते. हबशी लोक मस्जिद-ए-नबवीत भाल्यांचे खेळ करत असताना हजरत आयेशा (रजि.) यांना ते पाहू दिले गेले, हेही हदीसमध्येच आहे. आणि त्या स्वतः प्रेषितांबरोबर धावण्याची शर्यत लावून एकदा जिंकल्या होत्या. मुलींच्या खेळाचा विषय निघाला की हे सांगायला आपण का कचरतो?

आता जालन्याकडे येऊ. लंडनला निवारा पावसापासून हवा होता, काबूलच्या मुलींना नजरांपासून आणि धोक्यापासून. जालन्यात तो उन्हापासून, ट्रकपासून आणि लोखंडापासून हवा आहे. आपली एमआयडीसी सळयांसाठी देशभर ओळखली जाते. जिथे भंगार येते आणि सळई जाते, तिथल्या रस्त्यावर लोखंडाचे तुकडे, खिळे, तेलाचे डाग आणि राखाडी धूळ असणारच. दिवसरात्र अवजड वाहने असणारच. मे महिन्यात चाळिशीपार उन्हात तापलेल्या डांबरावर पडलेल्या मुलाची कातडी सोलून निघते. मुलांनी रस्त्यावर खेळावे असे मी कधीही म्हणणार नाही.

पण त्याच एमआयडीसीत छपरे किती आहेत ते पाहा. गोदामे आहेत, पत्र्याच्या शेड आहेत, काही बंद पडलेले कारखाने आहेत. आत सिमेंटचा कोबा असतो, वर पत्रा असतो. हिशेब सोपा आहे. वीस शंकू, दोन शंकूंमध्ये दोन मीटर, म्हणजे जवळपास चाळीस मीटर. सुरुवातीला दहा मीटर, थांबायला वीस. सत्तर मीटर लांब आणि पाच-सहा मीटर रुंद पट्टा पुरतो. नवख्यांसाठी दहाच शंकू लावले तर पन्नास मीटरमध्ये काम होते.

अशाच एका बंद शेडपाशी आमची मुले महिनाभर खेळली. मग पहारेकऱ्याने हटकले. त्याने हटकावे, ते त्याचे कामच आहे. पण मुलांनी मला सांगितले की नावे विचारल्यावर त्याचा आवाज बदलला. "इथे जमायचे नाही" हे वाक्य आमच्या पोरांनी खेळाच्या मैदानापासून चौकापर्यंत इतक्यांदा ऐकले आहे की ते कारण विचारत नाहीत, बाटल्या उचलतात आणि निघतात. खेळातली एक मुलगी तर त्याआधीच थांबली होती. ती आता घराच्या गच्चीवर खेळते. गच्ची बारा पावलांची आहे.

म्हणूनच मागणी चोरून खेळण्याची नसावी, रीतसर जागेची असावी. महाराष्ट्रात याला आधार आहे. मुंबईत माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली गाड्या उभ्या राहत आणि नको ते प्रकार चालत. तिथल्या रहिवाशांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि 2016 मध्ये पुलाच्या सावलीत नानालाल डी. मेहता उद्यान उघडले, आत फिरायला नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणदार वाट आहे. स्केटबोर्डही आता अनोळखी राहिलेला नाही. 2022 मध्ये गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तो होता, आणि पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने त्यात महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिले. तिथे स्लॅलम नव्हता, स्ट्रीट हा प्रकार होता, पण फळी आणि चाके तीच.

एमआयडीसीच्या आराखड्यात मोकळ्या आणि सोयीसुविधांच्या जागा राखलेल्या असतात. त्यातल्या एका जागेवर साध्या पत्र्याचे छप्पर, खाली घोटलेला कोबा, कडेला कुंपण. किंवा त्याहून स्वस्त: एखाद्या कारखानदाराने आपली रिकामी शेड सुटीच्या दिवशी दोन तास द्यावी, लेखी अटींवर. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड असल्याशिवाय प्रवेश नाही, एक मोठा माणूस हजर, खेळाआधी झाडून घेण्याची जबाबदारी मुलांची. आठवड्यातला एक तास मुलींचा, त्यांच्या आया बसू शकतील अशा खुर्च्यांसह. अर्ज लिहायला मराठी शिकवणारा माणूस पुरेसा आहे. तो मी लिहिला आहे, आणि त्यावर सह्या करणाऱ्या पालकांत सर्व समाजांचे लोक आहेत. सळया विकणाऱ्या गावात सत्तर मीटर छप्पर मिळणे अवघड नसावे.