सत्तावीस हजार वर्षांतून एकदा

"सेमीकंडक्टर कंपनीत आहेस म्हणजे नक्की करतोस काय रे?" हा प्रश्न नातेवाइकांकडून इतक्यांदा आलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. चिपचा आराखडा काढणारे वेगळे, ती कारखान्यात घडवणारे वेगळे. मी तिसऱ्या पंगतीतला. दुसऱ्यांच्या आराखड्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. आम्ही त्याला व्हेरिफिकेशन म्हणतो, मावशी "सासूचं काम" म्हणते!

सॉफ्टवेअरवाल्यांचं बरं असतं. चूक सापडली की दुरुस्ती पाठवून मोकळे. चिपचा आराखडा एकदा कारखान्यात गेला (म्हणजे 'टेपआउट' झालं) की सिलिकॉनवर उमटलेलं बहुतेक वेळा तसंच राहतं. बदलायचं तर पुन्हा काही महिने आणि कोट्यवधींचा खर्च. त्यामुळे टेपआउटआधी एकच प्रश्न झोप उडवतो: एवढं तपासलं ते पुरे का?

आमच्या धंद्यात या प्रश्नाचं एक जुनं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं. इंटेलचा पेंटियम १९९३ मध्ये बाजारात आला. शाळेत भागाकार करताना "किती वेळा जाईल?" असा अंदाज आपण घेतो ना, तसाच अंदाज ही चिप एका तक्त्यात बघून घ्यायची. तक्त्यात हजाराहून थोड्या जास्त नोंदी होत्या. त्यातल्या पाच ठिकाणी २ असायला हवे होते, तिथे ० होतं. बस्स, एवढंच.

कुठलेही आकडे घेऊन भागाकार केले तर नऊ अब्जांत एखादा चुकायचा. अशी चूक नुसत्या चाचण्यांत सापडायची कशी? ती सापडली व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना. जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करताना जून १९९४ मध्ये उत्तरं जुळेनात. त्यांनी आधी आपल्याच प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग यंत्राच्या एकेका भागावर. चार महिने! शेवटी ३० ऑक्टोबरला त्यांनी काही जणांना ईमेल लिहिली आणि बातमी जगभर गेली.

इंटेलला ही चूक त्याच उन्हाळ्यात कळली होती. त्यांचं म्हणणं असं, की स्प्रेडशीट वापरणाऱ्या सर्वसाधारण माणसाला ती २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. तेव्हा खरी गरज दाखवेल त्यालाच चिप बदलून देऊ. आयबीएमने वेगळी गृहीतकं धरून २४ दिवसांतून एकदा असा हिशेब मांडला आणि १२ डिसेंबरला पेंटियमचे संगणक पाठवणं थांबवलं. (आयबीएमची स्वतःची स्पर्धक चिप होती, हेही खरं.) २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचं जाहीर केलं. खर्च ४७.५ कोटी डॉलर.

त्यानंतर आमच्या कामाची तऱ्हाच बदलली. नुसत्या चाचण्यांऐवजी भागाकार बरोबरच येईल याची गणिती सिद्धता मागायला सुरुवात झाली. १९९५ मध्ये एएमडीने आपल्या नव्या प्रोसेसरच्या भागाकाराची सिद्धता चक्क संगणकाकडून तपासून घेतली.

मला विचाराल तर तो २७,००० वर्षांचा आकडा कदाचित बरोबरही असेल. पण तो सरासरी माणसाचा होता, आणि नाइसली सरासरी नव्हते. "असं कोण करत बसणार आहे?" हे वाक्य आजही बैठकांत ऐकू येतं, टेपआउटची तारीख जवळ आली की जरा जास्तच. तेव्हा कुणीतरी अडून बसावं लागतं. त्या अडून बसण्याचाच मला पगार मिळतो. कौतुक क्वचितच. चिप बाजारात गेली आणि काहीच घडलं नाही, की समजायचं काम चोख झालं.

असो. नाइसली २०१९ मध्ये गेले. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर १९९३-९४ चा पेंटियम धूळ खात पडला असेल, तर ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, आलेल्या उत्तराला परत ३१४५७२७ ने गुणा आणि ते मूळ संख्येतून वजा करा. शून्य यायला हवं. २५६ आलं तर मला नक्की कळवा!