तिसरी वही

ग्रंथालयांतील एक पुस्तक अनेक वाचक नेतात, आणि एक वाचकही अनेक पुस्तकें नेतो. हें दुहेरी नातें नोंदवावें कसें? प्रत्येक पुस्तकापुढें वाचकाचा पत्ता लिहिला, तर पत्ता बदलतांच एखादी नोंद जुनीच राहते आणि वही खोटें बोलूं लागते.

संगणकाच्या आरंभकाळींही हीच अडचण होती. अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांच्या नोंदींसाठीं १९६० नंतरच्या दशकांत आय.बी.एम.नें रचलेल्या आय.एम.एस. पद्धतींत माहिती वृक्षासारखी मांडलेली असे. फांदीला खोड एकच. पण एकच स्क्रू तर अनेक यंत्रांत बसतो!

१९७० सालीं इंग्लंडांत जन्मलेले गणिती एडगर कॉड यांनीं सुचविलें कीं, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि नातेंही कोष्टकांतच लिहावें. म्हणजे पुस्तकांची एक वही, वाचकांची दुसरी. तिसरींत केवळ दोहोंचे क्रमांक व तारीख. पत्ता एकदांच लिहावयाचा. कॉड यांना १९८१ चें ट्युरिंग पारितोषिक लाभलें.

१९९२ मध्यें निघालेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्येंही नवशिक्याला ही तिसरी वही स्वतःच उघडावी लागते. नातें दोघांपैकीं एकट्याच्या मालकीचें नसतें; म्हणून त्याला स्वतंत्र पान द्यावें, हेंच खरें.