धावा

धावा : माणसाचे सगळे उपाय हरल्यावर देवाला मारलेली आर्त हाक, आणि त्या हाकेतून घडलेला भक्तिकाव्याचा प्रकार. रामदासांची करुणाष्टके याच कुळातली. भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्र आणि कौरवसभेतली द्रौपदी ही याची दोन उदाहरणे कीर्तनात नेहमी येतात. दोघांचीही सुटका झाली. त्यामुळे धावा म्हणजे मदतीची याचना, अशी समजूत रूढ झाली. मराठी संतांपुरती तरी ती अपुरी आहे. बीदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा मंगळवेढ्याची कान्होपात्रा पंढरपूरला विठ्ठलाच्या पायाशी गेली आणि, परंपरा सांगते, तिथेच तिने देह ठेवला. देवळातले तरटीचे झाड ही तिची खूण मानतात. चोखामेळा जन्मभर हाका मारत राहिला, पण महार म्हणून उंबरठ्याबाहेरच राहिला. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला कुसवाच्या बांधकामाखाली तो गाडला गेला आणि त्याची समाधीही पंढरपूरला देवळाच्या महाद्वाराबाहेरच झाली. ते देऊळ दलितांना खुले झाले १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. या दोन संतांपैकी कोणाचेही संकट हाकेसरशी टळले नाही, तरी वारकऱ्यांनी या हाका टाकून दिल्या नाहीत; भजनात त्या आजही म्हटल्या जातात. म्हणजे सुटका हे धाव्याचे मोल ठरवण्याचे माप नव्हते. धावा ही फिर्याद आहे. गावाने आणि शास्त्राने ज्यांचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही, त्यांनी ती थेट देवापुढे मांडली. चोखोबाचा मुलगा कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्यावर तुकाराम देहूला तेरा दिवस अन्नपाणी सोडून बसले, ते धरणेच होते. येणे असलेला माणूस देणेकऱ्याच्या दारात बसतो तसे. याचना करणाऱ्याकडे एवढा हक्क नसतो.

यावर जुना आक्षेप गीतेच्या आधाराने घेतला जातो : सातव्या अध्यायातल्या चार भक्तांत ज्ञानी श्रेष्ठ, आर्त खालचा. पण तिथेच श्रीकृष्ण चौघांनाही उदार म्हणतात, हे आक्षेप घेणारे सहसा सांगत नाहीत. दुसरा आक्षेप बुद्धिवाद्यांचा, आणि तो अधिक वजनदार : हाकेने परिस्थिती बदलत नाही, उलट माणूस हातपाय गाळून बसतो. पहिला भाग चोखोबाच्या आयुष्यानेच खरा ठरवला आहे. दुसरा मात्र पुराव्याला धरून नाही. ज्याने हातपाय गाळले तो निमूट राहतो. चोखोबा, त्याची बायको सोयराबाई, कर्ममेळा निमूट राहिले नाहीत. अन्याय हा अन्यायच आहे, हे त्यांनी देवाला साक्षी ठेवून नोंदवले, आणि चौदाव्या शतकातल्या अस्पृश्यांचे स्वतःच्या तोंडचे म्हणणे आज आपल्या हाती आहे ते मुख्यतः या अभंगांमुळेच.