तलवारीचं वजन कुठे गेलं? व्हीआर गेम, ठाण्याची खाडी आणि संशोधनाचा प्रश्न

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे बरेच जण एक गोष्ट हमखास बोलून दाखवतात: मला गेमिंग आवडतं, इतिहासही आवडतो, पण यात संशोधनाचा विषय कुठे आहे? आज हाच प्रश्न हातात घेऊ. उदाहरणाला मध्ययुगीन तलवारबाजीचा व्हीआर गेम घेऊ आणि तो आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्याच्या इतिहासाशेजारी ठेवून बघू. माझी पदव्युत्तर पदवी विज्ञानाची, त्यामुळे थोडं भौतिकशास्त्र मध्ये येईल. घाबरू नका, बारावीच्या पुढचं काही नाही.

गेमची वंशावळ

'ब्लेड अँड सॉर्सरी' हा या प्रकारातला बऱ्यापैकी गाजलेला गेम. वॉर्पफ्रॉग या स्टुडिओने तो डिसेंबर २०१८ मध्ये अर्धवट स्वरूपात खुला केला आणि जून २०२४ मध्ये पूर्ण आवृत्ती आणली. डोळ्यांवर हेडसेट, दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर. तुम्ही हात फिरवला की पडद्यावरची तलवार फिरते. ढाल, भाला, धनुष्य आहे आणि जोडीला जादू आहे.

या गेमला दोन घराण्यांचा वारसा आहे. पहिलं घराणं कागदावरच्या युद्धखेळांचं. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने नकाशा आणि फासे वापरून अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी 'क्रीगश्पील' बसवला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मांडले. १९७१ मध्ये 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन लढाईचे नियम आले. त्यांना ड्रॅगन आणि जादूगारांची पुरवणी जोडलेली होती. तिथून १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' जन्माला आला.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. गेममध्ये योद्ध्याच्या जिवाचा जो आकडा असतो, वार बसला की कमी होणारा, तो मुळात तलवारीच्या लढाईतला नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या दोन निर्मात्यांपैकी डेव्ह आर्नेसन यांनी मुलाखतीत सांगितलं आहे की हा हिशेब त्यांनी स्वतःच्याच एका जुन्या खेळातून उचलला, आणि तो खेळ अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांचा होता. जहाज दहा गोळे खाऊनही तरंगतं, मग माणूसही दहा वार खाऊन उभा राहतो. आज कोट्यवधी लोक लढाई म्हणजे अशीच असं समजून खेळतात.

दुसरं घराणं यंत्रांचं. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा डिस्प्ले बनवला. डोकं कुठे वळलं हे मोजणारा यांत्रिक दांडा छतावरून लोंबकळत असे, म्हणून त्याला 'डॅमोक्लीजची तलवार' हे नाव पडलं. ही दोन्ही घराणी सर्वसामान्यांच्या घरात एकत्र आली ती २०१६ नंतर, ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह बाजारात आल्यावर.

दीडशे ग्रॅमची तलवार

आता वजनाकडे येऊ. संग्रहालयांत दिसणाऱ्या बऱ्याच भारतीय तलवारी साधारण एक किलोच्या आसपास भरतात. व्हॉट्सॲपवर फिरणारी साठ किलोची तलवार विसरा, ती कुणालाही फिरवता येणार नाही. व्हीआरचा कंट्रोलर मात्र जेमतेम दीडशे ग्रॅमचा असतो.

फरक सहा-सात पटींचाच वाटतो ना? इथेच गंमत आहे. वस्तू फिरवताना नुसतं वजन मोजून भागत नाही, ते मुठीपासून किती लांब पसरलंय हेही मोजावं लागतं. त्याला जडत्व आघूर्ण म्हणतात. सोपं गणित करू. तलवार म्हणजे एक किलोची, ८० सेंटिमीटर लांबीची, सगळीकडे सारखी जाड सळई समजा. टोकाभोवती फिरणाऱ्या सळईचं जडत्व आघूर्ण म्हणजे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले तीन. उत्तर येतं सुमारे ०.२१. कंट्रोलर १५० ग्रॅमचा आणि १० सेंटिमीटरचा धरला तर उत्तर ०.०००५. म्हणजे चारशे पटींहून जास्त फरक! खऱ्या तलवारीचं वजन मुठीकडे जास्त असतं, म्हणून हा आकडा प्रत्यक्षात बराच खाली येईल, पण 'शेकडो पट' हे काही बदलत नाही.

गेम बनवणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून ते पडद्यावरचा हात तुमच्या खऱ्या हाताला जणू स्प्रिंगने बांधतात. जड हत्यार उचललं की पडद्यावरचा हात जरा मागे रेंगाळतो. तलवार ढालीवर आदळली की तुमचा खरा हात पुढे जातो, पडद्यावरचा तिथेच अडतो. यामागे जुनं संशोधन आहे. झिलेस आणि सॅलिस्बरी यांनी १९९५ मध्ये स्पर्शयंत्रांसाठी मांडलेली पद्धत याच जातीची: खरं टोक वस्तूत घुसलं तरी आभासी टोक पृष्ठभागावरच थांबवायचं. २००० मध्ये अनातोल लेक्युये आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डोळ्यांना दिसणाऱ्या हालचालीत फेरफार केला तर हाताला जोर लागल्याचा भास होतो.

मेंदू फसतो, पण स्नायू दमत नाहीत. खऱ्या तलवारीने चुकलेला वार परत वळवायला जी ताकद आणि जो वेळ लागतो, तो इथे फुकट मिळतो. म्हणजे गेमने खोटं सांगितलं का? तसं नाही. प्रत्येक मॉडेल काहीतरी गाळतंच. घर्षण सोडून दिलेला लंबकही मॉडेलच असतो. संशोधकाचं काम एवढंच की काय गाळलंय ते नेमकं सांगायचं आणि त्यामुळे कुठलं उत्तर बिघडतं ते तपासायचं.

दांडपट्टा आणि मनगट

हीच नजर आपल्याकडच्या हत्यारावर लावा. दांडपट्ट्याचं पातं लांब आणि लवचीक. त्याची मूठ म्हणजे हात झाकणारा लोखंडी खोबळा. आत आडवी दांडी असते, ती मुठीत धरायची आणि खोबळा कोपराच्या दिशेने पुढच्या हातावर बसतो. परिणाम असा की मनगट जवळपास बंद होतं. पातं म्हणजे तुमच्या कोपरापुढच्या हाताचंच लांबलेलं टोक. वार फिरतो तो कोपर, खांदा आणि कंबरेतून. मर्दानी खेळ करणाऱ्या कोल्हापूरकरांना पट्टा फिरवताना नीट बघा, पायांची फेक आणि अंगाची गिरकी त्यातूनच येते.

व्हीआर कंट्रोलर मात्र धरून चालतो की हत्यार मुठीत आहे आणि मनगट मोकळं आहे. उद्या कुणी गेममध्ये दांडपट्ट्याचं हुबेहूब चित्र आणलं तरी खेळणारा तो मनगटाने फिरवेल, म्हणजे पट्ट्याच्या रूपातली दुसरीच तलवार चालवेल. चित्र बरोबर, हालचाल चूक. ही त्रुटी स्क्रीनशॉटमध्ये कधीच दिसणार नाही.

खाडीवरची लढाई

आता सगळ्यात मोठी गाळलेली गोष्ट बघू. गेममध्ये लढाई म्हणजे समोरासमोर दोन-चार माणसं आणि तलवारी. आपल्या भागातल्या लढाया कशा होत्या?

आधी शब्दाचा घोळ. गेमचं 'मध्ययुग' युरोपचं, साधारण पाचवं ते पंधरावं शतक. आपल्या अभ्यासक्रमात शिवकाल मध्ययुगीन भारतात येतो, पण तोवर तोफा आणि बंदुका सर्रास झाल्या होत्या. गेममधली जादू बऱ्याचदा याच बारुदाची रिकामी जागा भरते.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी उभा राहिला आणि या भागात जहाजबांधणी सुरू झाली. त्या कामावर रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज जहाजबांधणीकार आणि त्याची माणसं होती. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे आरमार धोक्याचं वाटलं आणि त्यांनी या कारागिरांना काम सोडायला लावलं. इथे लढाई सुतारांवरून चालली होती.

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर चढाई करून ठाणं घेतलं. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो, पोर्तुगीज तेव्हा बांधतच होते. काम अपुरं होतं. मोहिमेमागे भिवंडीजवळच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी स्थानिक माणसं होती, ज्यांना खाडीचे उतार आणि शत्रूच्या हालचाली ठाऊक होत्या. तट पुरा होण्याआधी पोहोचणं आणि खाडी कुठून ओलांडायची हे माहीत असणं, यावर बरंच काही ठरलं.

वसईचं तर विचारूच नका. मोहीम सुरू झाली १७३७ मध्ये आणि किल्ला पडला मे १७३९ मध्ये. चिमाजी आप्पांच्या सैन्याने तटाखाली सुरुंग खणले, ते उडवले, खिंडारांत माणसं घातली. मराठ्यांचीही अतोनात हानी झाली. शेवट झाला तो तहाच्या कलमांनी: पोर्तुगीजांना कुटुंबकबिला आणि चीजवस्तू घेऊन बाहेर पडू दिलं.

खणणं, वाट पाहणं, भरती-ओहोटी, धान्य, सुतार, वाटाघाटी. यातलं काहीही कंट्रोलरने करता येत नाही. तलवार या लढायांत होतीच, पण निकाल बऱ्याचदा कुदळीने आणि होडीने लावला.

मग प्रश्न कसा घडवायचा?

'व्हीआर गेम आणि मध्ययुगीन इतिहास: एक अभ्यास' असं शीर्षक घेऊन गेलात तर मुलाखतीत पहिल्याच मिनिटाला अडाल. त्याऐवजी गाळलेली एक गोष्ट पकडा आणि ती मोजता किंवा वाचता येईल असं बघा. तीन नमुने देतो.

पहिला, विज्ञानवाल्यांसाठी: मनगट बंद करणारी मूठ आणि मोकळी मूठ यांनी वाराचा वेग आणि दमणूक किती बदलते? लागतील त्या गोष्टी: खऱ्या पट्ट्याची मोजमापं, बोथट प्रतिकृती, मर्दानी खेळाचे जाणकार, हालचाल टिपणारे सेन्सर आणि तुमच्या संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी. मोजमापांसाठी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय इथून सुरुवात करा.

दुसरा, इतिहासवाल्यांसाठी: वसई मोहिमेच्या पत्रांत तलवारीचा उल्लेख किती वेळा येतो आणि दारूगोळा, होड्या, धान्य, बेलदार यांचा किती वेळा? गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या 'पेशवे दफ्तर'च्या ४५ खंडांपैकी एक खंड वसईच्या मोहिमेचाच आहे. तो छापील असल्यामुळे मोडी न येताही काम सुरू करता येईल. पुढे मूळ कागद बघायचे तर मोडी शिकावीच लागेल आणि दुसऱ्या बाजूसाठी गोव्याच्या पुराभिलेखागारातले पोर्तुगीज कागद लागतील.

इथे एक सावधगिरी. १७५२ पर्यंत इंग्रज जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, पोर्तुगीज १५८२ पासूनच नवं ग्रेगोरियन. त्यामुळे ठाणे किंवा वसईच्या एकाच घटनेच्या ११ दिवसांच्या फरकाने दोन तारखा पुस्तकांत सापडतात. कुणीतरी चुकलंय असं धरून चालू नका, आधी लेखकाने कोणतं कॅलेंडर वापरलंय ते बघा.

तिसरा, दोन्हींच्या सीमेवरचा: एकाच लढाईची दोन मॉडेलं करा. एकात फक्त माणसं आणि हत्यारं, दुसऱ्यात भरतीचं वेळापत्रक आणि अपुरा तट. कुठल्या मॉडेलमध्ये १७३७ चं ठाणं पडतं? उत्तरापेक्षा कुठला घटक काढल्यावर निकाल फिरतो, हे तुमचं योगदान ठरेल.

तुमचा आवडता गेम, सिनेमा किंवा सिम्युलेशन कुठलंही असो, एका कोऱ्या कागदावर दोन रकाने करा. डावीकडे त्यात काय काय आहे, उजवीकडे काय गाळलंय. मग उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा: याचा पुरावा मला कुठे मिळेल? ज्या ओळीपुढे संग्रहालयाचं, दफ्तराचं किंवा प्रयोगशाळेचं नाव लिहिता आलं, ती घेऊन मार्गदर्शकाकडे जा. बाकीच्या ओळी खोडू नका. पुढे दुसऱ्या प्रकरणात त्या कामाला येतात.